सरकारी टांकसाळ थंड पडली की तांब्याचा पैसा पाडतो कोण?

तांबडा_पैसा (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, नाण्यांचा नाद असलेल्या आणि नसलेल्या, दोघांसाठीही हा धागा. चिल्लरीची टंचाई पडली म्हणून खाणमालकांनी आणि दुकानदारांनी स्वतःची तांब्याची नाणी, म्हणजे टोकनं, पाडली आणि लोकांनी ती खुशीनं घेतली, असं जगात बऱ्याचदा झालंय. सगळ्यात गाजलेलं प्रकरण इंग्लंडचं, म्हणून तिथून सुरुवात.

१७७५ नंतर लंडनच्या टांकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं सोडूनच दिलं. सोनं-चांदी म्हणजे खरा पैसा, तांबं म्हणजे गोरगरिबांची चिल्लर, अशी एकंदर वृत्ती. नेमक्या त्याच काळात गिरण्या आणि खाणी वाढल्या. शेकडो मजुरांचा आठवड्याचा पगार भागवायचा तर सुट्टे आणायचे कुठून? ती जागा खोटी नाणी पाडणाऱ्यांनी भरून काढली. १७८७ मध्ये टांकसाळीनं बाजारातल्या अर्ध्या पेन्या तपासल्या, तर शंभरातल्या जेमतेम आठ बऱ्या निघाल्या. बाकी सगळा हलका, पातळ, खोटा माल.

त्याच साली वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीनं (हे पॅरिस म्हणजे तिथल्या डोंगराचं नाव, फ्रान्सशी संबंध नाही) स्वतःची पेनी काढली. मालक मंडळींत मुख्य थॉमस विल्यम्स, ज्याला लोक तांब्याचा राजाच म्हणायचे. तांबं घरचं, मजूर घरचे, मग नाणंही घरचं.

माझ्या संग्रहात त्यातली एक आहे. एका बाजूला ओकच्या पानाफळांच्या वेटोळ्यात डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे तिकडचा प्राचीन पुरोहित. दुसऱ्या बाजूला कंपनीची तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली, वर साल, आणि भोवतीनं वचन: धारकास एक पेनी देऊ. पण वाक्य तिथं संपत नाही. नाणं दोन बोटांत धरून कड फिरवायची, मग उरलेलं वाचता येतं: मागताक्षणी, लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथं.

आता वजन बघा. राजाच्या अर्ध्या पेन्या एका पौंड तांब्यात ४६ पाडायचे, म्हणजे २३ पेन्यांचा माल. कंपनीच्या सुरुवातीच्या पेन्या एका पौंडात १६. राजापेक्षा खाणवाल्याच्या नाण्यात जवळपास दीडपट तांबं! कंपनीनं अशा सुमारे २५० टन पेन्या आणि ५० टन अर्ध्या पेन्या पाडल्या. त्यामागोमाग जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानं राजाच्या जागी चक्क स्वतःचं तोंड छापलं. मग काय, किराणा दुकानदार, पुस्तकविक्रेते, सगळ्यांनीच हात धुऊन घेतले.

माझं म्हणणं असं, की लोकांनी तांबं बघून हे नाणं घेतलं नाही. त्याचा जीव कडेवरच्या पत्त्यात होता. नाणं परत घ्यायला कुणीतरी, कुठंतरी, दार उघडं ठेवून बसलंय, हे कळलं की माणूस पितळही घेतो. बोला.

देवगिरीचा_चिराग (खुलताबाद)

धागा झकास. पण टोकन म्हटल्यावर तुम्ही वेल्सला कशाला गेलात? घरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद आहे की.

महंमद तुघलकानं १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या जागी पितळेचा-तांब्याचा टंका चालवला. दिल्लीला पाडला तसा दौलताबादलाही पाडला, नाण्यावर ‘तख्तगाह दौलताबाद’ असं ठिकाण आहे. मजकूर साधारण असा: आशा बाळगणारा बंदा महंमद तुघलक याच्या काळात चालणारा टंका म्हणून ठसा मारला. आणि दुसऱ्या बाजूला: ज्यानं सुलतानाची आज्ञा मानली त्यानं रहमानाची आज्ञा मानली. वचनबिचन काही नाही, सरळ हुकूम.

पुढं काय झालं ते त्या काळच्या इतिहासकार बरनीनं लिहून ठेवलंय. घरोघरी टांकसाळी झाल्या. लोकांनी खोट्या टंक्यांत सारा भरला, घोडे घेतले, हत्यारं घेतली. शेवटी सुलतानानं टंके परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजली आणि तुघलकाबादेत तांब्याचे ढीग लागले. म्हणजे तुमच्या हिशेबानं ‘दार उघडं’ होतंच. उलट ते उघडलं म्हणूनच खजिना बुडाला. मग पत्ता असून उपयोग काय?

मोंढ्यावरचा (लातूर)

चिराग भाऊ, एकच नंबर. तुघलकाचं नाव निघालं की आमच्याकडं मिटिंगमदले लोक अजून हसूलालेत. जागा घेऊन ठेवतो, रात्री दुकान बंद केल्यावर लिहितो.

तांबडा_पैसा

@देवगिरीचा_चिराग, बरोबर नेम धरलात. पण तुघलकाचा टंका खासगी नव्हे, सरकारी. आणि दोन्हींतला फरक वचनाइतकाच ठशाचाही आहे. तुघलकाच्या टंक्यावर नुसती अक्षरं. धातू साधा, कड कोरी. कुठल्याही तांबटाला किंवा सोनाराला आठवड्यात साचा कोरता येईल. तांब्याची किंमत मातीमोल आणि छाप मारला की चांदीच्या भावात, म्हणजे नफा केवढा बघा. लोकांनी मोह आवरला असता तरच नवल.

ड्रुइडवाल्यांनी या गोष्टीचा आधी विचार केला होता. नामांकित कारागिरांकडून साचे कोरून घेतले, चेहऱ्याच्या दाढीचा केस न् केस मोजावा असं काम. कडेवर अक्षरं उमटवायला वेगळी करामत लागते, ती घरगुती भट्टीवर जमत नाही. शिवाय नाण्यात तांबं इतकं भरलेलं, की खोटं पाडणाऱ्याला पूर्ण वजनाचं पाडून उरणार काय? हलकं पाडलं तर दुकानदार तळहातावर तोलूनच ओळखणार. सुलतानानं यातलं एकही केलं नाही आणि वर परत घेताना खरं-खोटं पारखलं नाही.

देवगिरीचा_चिराग

म्हणजे आता तुम्हीच म्हणताय की तांब्याला किंमत होती. वर म्हणालात, तांबं बघून कुणी घेतलं नाही. ठरवा काय ते. 😄

तांबडा_पैसा

तांबं हे खोटारड्याला लांब ठेवायचं कुंपण. घेणाऱ्याला भरवसा द्यायचा पत्ता. दोन्ही लागतात. पुढं १७९० नंतर जी टोकनं आली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी वजन घटवलं, काहींनी कडेवरचा पत्ताही गाळला, आणि अशा मालाला लोक नाकं मुरडायला लागले.

अजून एक जोड देतो, आपल्याकडची. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टननं वाफेवर चालणारे छापयंत्र बसवून सोहो टांकसाळ काढली. अँगलसीची अर्धी पेनी तिनं पाडली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचे १७९१ चे तराजू छापाचे पैसेही तिनंच पाडले. जुन्या बाजारात तो तराजूचा पैसा अजून मिळतो, बघा एकदा कड आणि गोलाई, आपल्याकडच्या, हातानं ठोकलेल्या शिवराईशेजारी (मराठ्यांचा तांब्याचा पैसा) ठेवून. १७९७ मध्ये सरकारनं अखेर याच बोल्टनला पेनीचं कंत्राट दिलं. त्याची पेनी बरोब्बर एक औंस, दोन पेनीचं नाणं दोन औंस. त्या वजनदार नाण्याला लोक गाडीचं चाक म्हणायचे. गंमत म्हणजे तांबं महागल्यावर हीच चाकं वितळवली गेली आणि १८११-१२ ला पुन्हा खासगी टोकनांचं पीक आलं. मग १८१७ मध्ये कायदा करून ती बंद पाडली.

कोर्टकचेरी (नांदेड)

कायद्याचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडं ब्रिटिश हिंदुस्थानात यासाठी १८८९ चा मेटल टोकन्स ॲक्ट होता. पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे खासगी माणसानं पाडायचे नाहीत, वाटायचे नाहीत, वाटण्यासाठी जवळही ठेवायचे नाहीत. हा कायदा थेट २०११ च्या नाणे कायद्यापर्यंत जिवंत होता, त्यात तो विलीन झाला. तरतूद आजही आहे.

मराठवाड्यापुरतं लक्षात ठेवा, की १८८९ ला आपण निजामाच्या मुलखात. कलकत्त्याचा कायदा आपोआप इथं लागू होत नव्हता, निजामाचा सिक्का वेगळा आणि कायदेही वेगळे.

मोंढ्यावरचा (लातूर)

आलो. आमच्या आजोबाची आडत होती गंजगोलाईत. त्यांच्या तोंडी कायम हाली अन् कलदार. हाली म्हंजी निजामाचा रुपया, कलदार म्हंजी इंग्रजाचा. सात हालीला सहा कलदार असा ढोबळ भाव. बार्शी इंग्रजाच्या हद्दीत, लातूर निजामाच्या. बार्शीच्या व्यापाऱ्याची कापसाची पट्टी कलदारात, हमालाची मजुरी हालीत. मदात सराफ बसलेला, त्यो बट्टा, म्हंजी अदलाबदलीची कट, कापून घ्यायचा. आता सांगा, माणसाला रोज दोन राजांचा पैसा मोजायची सवय हाय, त्याला तिसरा एखाद्या शेटजीचा बिल्ला दिला तर त्यो कशाला बिचकंल? त्यो फक्त इचारील, बट्टा किती?

तांबडेसाहेब, तुमच्या पत्त्याच्या मुद्द्याला हे जोडा. पत्ता जवळ आसला तर बट्टा कमी, लांब आसला तर जास्त. लातुरात अँगलसीची पेनी दिली तर भंगाराच्या भावात जाईल.

आजबी आमच्या मोंढ्यात हॉटेलवाल्याचे चहाचे बिल्ले चालतेत. आडत्या सकाळी मूठभर बिल्ले घेऊन ठेवतो, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अन् हमालाला एकेक देतो. हमाल चहा पितोच आसं नाही, पानटपरीवाला बिल्ला घेऊन तंबाकूची पुडी देतो अन् संध्याकाळी सगळे बिल्ले हॉटेलात नेऊन पैसे घेतो. आमी ह्याला कधी नाणं म्हणलोच नाही.

कोर्टकचेरी (नांदेड)

@मोंढ्यावरचा, चहाच्या बिल्ल्यावर चहाच मिळतो तोवर ती कूपनाची गोष्ट. पानटपरीवाल्यानं तंबाखू दिली तिथं ‘पैसा म्हणून वापर’ सुरू होतो बरं का. सांभाळून लिहीत चला, धागा सगळे वाचतात. 🙂

हातोडा (परभणी)

सगळे मालकाच्या बाजूनं बोलताय म्हणून मी जरा वाकडं बोलतो.

त्या अँगलसीच्या खाणीवर बायका काम करायच्या, त्यांना कॉपर लेडीजच म्हणत. खाणीतून आलेला दगड हातोडीनं फोडून त्यातलं खनिज निवडायचं. डाव्या हातात लोखंडी कड्या लावलेला हातमोजा, कारण दगड त्या हातात धरायचा आणि उजव्या हातानं घाव घालायचा. घाव चुकला तर बोटं जायची. आठवडाभर हे करून हातात पडणार काय, तर त्याच मालकाच्या छापाचं तांबं. लंडन, लिव्हरपूल असा पत्ता कडेवर आहे म्हणे! दगड फोडणारी बाई लंडनला पेनी मोडायला जाणार होती का? तिला जवळचं दार एकच, मालकाचं.

तुमचं टोकन किती सुंदर, कड किती सुबक, हे खिशात पगार असलेल्यानं बघायचं. मजुराला प्रश्न असा की हे मालकाच्या दुकानाबाहेर चालतं का. इंग्लंडात मजुरी वस्तूंच्या किंवा चिठ्ठ्यांच्या रूपात द्यायची वाईट चाल इतकी बोकाळली, की १८३१ मध्ये ट्रक ॲक्ट (ट्रक म्हणजे इथं वस्तूंची अदलाबदल, गाडी नव्हे) करून मजुरी देशाच्या चालू नाण्यातच द्या असं बजावावं लागलं. आपल्याकडं १९३६ च्या वेतन कायद्यात तेच आलं. आसाम-सिल्हेटच्या चहामळ्यांतही मजुरांना मळ्याची टोकनं दिली जायची. कारण सांगायचं चिल्लरीची टंचाई. मळ्यावर चालणारं टोकन घेऊन पळून जाता येत नाही, हे कारण कुणी उघड सांगत नसे.

तांबडा_पैसा

@हातोडा, ट्रक ॲक्टचं मान्य. चहामळ्यांचंही मान्य. पण पॅरिस माइनच्या पेनीपुरतं एक सांगतो. टोकन नव्हतं तेव्हा मजुराची अवस्था काही बरी नव्हती. मालक चार-पाच जणांना मिळून एकच मोठं नाणं द्यायचा. ते मोडायचं तर गुत्त्यात जायचं, आणि गुत्तेवाला दारू घेतल्याशिवाय सुट्टे देईना. किंवा मग मालकानं खोट्या अर्ध्या पेन्या स्वस्तात विकत घेऊन पगारात खपवायच्या. त्यापुढं पूर्ण वजनाची ड्रुइड पेनी सरस. ती बेटाबाहेरही दूरदूर फिरली, फक्त मालकाच्या दुकानापुरती राहिली नाही. हाच तिच्यातला आणि मळ्याच्या टोकनातला फरक.

हातोडा (परभणी)

सरस असेल. पण ‘खोट्यापेक्षा बरं’ यावर मजुरानं किती दिवस समाधान मानायचं? असो. माझं म्हणणं नोंदवलं.

बीडचा_बाळ्या (सध्या ओहायो)

मस्त चाललंय, इकडची भर घालतो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर १८६२ मध्ये लोकांनी नाणी दाबून ठेवली. सोनं-चांदी तर गेलंच, एक सेंटचं नाणंही दिसेना. लोक टपालाची तिकिटं सुट्टे म्हणून वापरायला लागले. ती खिशात घामानं चिकटायची, म्हणून एकानं ती पितळी डबीत अभ्रकाखाली बसवून विकायचं पेटंट घेतलं! त्यानंतर दुकानदारांनी तांब्याची सेंटएवढी टोकनं पाडली, अंदाजे अडीच कोटी. आमचं ओहायो त्यात आघाडीवर. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून दिसतात, खाटीक, औषधवाले, दारूवाले, सगळ्यांच्या नावाची.

न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्यानं एकट्यानं दहा लाखांवर टोकनं चालवली. तिथल्या घोड्यांच्या ट्रामकंपनीकडं भाड्यापोटी ती ढिगानं साठली. कंपनीनं ती त्याच्यापुढं नेऊन ठेवली आणि बदलून मागितली. पठ्ठ्यानं हात वर केले. कंपनी काही करू शकली नाही, कारण टोकनावर परत घेण्याचं वचन नव्हतंच. १८६४ मध्ये सरकारनं कायदा करून असली एक-दोन सेंटची नाणी पाडण्यावर बंदी घातली.

तेव्हा @देवगिरीचा_चिराग, नाणं चांगलं असून दार बंद असलं की असं होतं. तुघलकाचं उलटं, दार उघडं पण पारख नाही.

देवगिरीचा_चिराग

हे पटलं. दारही हवं आणि दारावर पारखी सराफही हवा. बरनीचं पान पुन्हा काढून बसतो आज.

आजीची_पोतडी (जालना)

इतकं वाचून मला आमच्या घरातला डबा काढावा लागला. त्यात भोकाचे पैसे निघाले, तेही दोन जातींचे! एक इंग्रजाचा १९४३ चा, मोठ्या भोकाचा. दुसरा निजामाचा, दोन पैचा, त्यालाही मध्ये गोल भोक. शिवाय एक चौकोनी आणा, तोही निजामाचाच. आजी सांगायची, लहान पोरांच्या करदोड्यात भोकाचा पैसा ओवायचे. ही भोकं टंचाईतूनच आली ना?

तांबडा_पैसा

हो ताई. दुसऱ्या महायुद्धात तांबं-निकेल युद्धाकडं वळलं आणि लोकांनी चिल्लर साठवली. इंग्रज सरकारनं पाव आण्याचा पैसा जवळपास पाच ग्रॅमवरून दोन ग्रॅमवर आणला, मध्ये भोक पाडून तांबं वाचवलं. निजामानंही हिजरी १३६२ पासून, म्हणजे १९४३ पासून, दोन पैला भोक पाडलं. चौकोनी आणाही त्याच सुमाराचा, ब्राँझचा. त्याच काळात जुनागढ, मोरवी, बिकानेर अशा संस्थानांनी नाण्याऐवजी पुठ्ठ्याची कॅश कूपन्स काढली. तुमचे दोन्ही पैसे शेजारी ठेवून फोटो टाका, भोकांचे आकार वेगळे आहेत ते सगळ्यांना बघू द्या. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. तांब्यावरचा काळसर थर गेला की नाण्याची किंमतही जाते.

पाचोडचा_प्रवासी

एवढ्या लांब कशाला जाता? एसटीत कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटामागं बाकी रक्कम लिहून सही करतो, ते काय वेगळं आहे? धारकास आठ रुपये, उतरताना. पत्तासुद्धा आहे, गाडी तीच आणि कंडक्टर तोच. पण उतरेपर्यंतच.

बीडचा_बाळ्या (सध्या ओहायो)

🤣🤣 आणि आपल्या भागात दहाचं नाणं कुणी घेत नाही, त्याचं काय? रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला जाहीर केलं, चौदाही नमुने चालतात. सरकारी टांकसाळ, सरकारी हमी, तरी गावाला आलो की किराणावाला म्हणतो, ‘हे बदलून द्या.’ पॅरिस माइनची पेनी कोणी नाकारली नाही आणि भारत सरकारचं नाणं नाकारतात!

मोंढ्यावरचा (लातूर)

बाळ्या, किराणावाल्याचं बी ऐक की. त्यो नाणं घेतो, पण होलसेलवाला त्याच्याकडून घेत नाही. त्यानं पोतं भरून कुठं न्यायचं? पुन्हा तेच, पुढचं दार.

कोर्टकचेरी (नांदेड)

@मोंढ्यावरचा, एक विचारायचं राहिलं. तुमच्या हॉटेलचे बिल्ले धातूचे की प्लास्टिकचे? १८८९ पासूनची ती तरतूद धातूपुरतीच बोलते, म्हणून विचारते.

मोंढ्यावरचा (लातूर)

आधी पितळेचे होते मॅडम, वजनदार, हॉटेलाचं नाव ठोकलेलं. पितळेचा भाव वाढला अन् बिल्ले परत येईनात. मालकानं चौकशी केली तर कळलं, भंगारवाला एका बिल्ल्याला चहाच्या दीडपट पैसे देऊलाला. तवापासून लाल प्लास्टिकचे हाईत.